पौगंडवय आणि इन्फ्लुएंझाची औषधे : पाचगणीच्या साथीच्या निमित्ताने

सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथील एका निवासी शाळेत २४ जून ते ३० जुलै २००९ ह्या काळात इन्फ्लुएंझाची साथ उद्भवली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिचा तपास केला आणि त्याचा वृत्तांत २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वर्षी जगभर पसरलेल्या नव्या एच-१ एन-१ विषाणूच्या इतिहासात ही घटना लहानशीच म्हणावी लागेल. पुढे पुण्यात जो हाहाकार उडाला त्याच्या तुलनेने पाचगणीकडे वृत्तपत्रांचे लक्ष फारसे गेले नाही. तथापि इन्फ्लुएंझावरील औषधांच्या परीक्षणाचा इतिहास पाहू जाता, त्यातील एक जुनी उणीव ह्या लहान घटनेच्या प्रकाशात स्पष्ट दिसते. ही औषधे प्रौढांवर पारखली गेली, बालकांवरही पारखली गेली. परंतु तेरा ते अठराच्या दरम्यानचा मुलगा किंवा मुलगी ह्या परीक्षणांत बहुधा कोणाच्या तरी पदरी बांधली गेली, स्वतंत्रपणे क्वचितच मोजली गेली. ही उणीव कशी निर्माण झाली आणि ती पुन्हा पुन्हा का उद्भवत राहिली, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम पाचगणीचे आकडे पाहू. संपूर्ण शाळेतील ४१५ जणांपैकी २९५ जणांना, म्हणजे शेकडा ७१ जणांना, इन्फ्लुएंझासदृश आजार झाला. एकत्र निजणे, एकत्र जेवणे आणि एकाच वर्गात बसणे हा जेथे नित्यक्रम, तेथे हे प्रमाण अनपेक्षित नाही. ब्यांशी संशयित रुग्णांच्या घशातील स्राव तपासला असता केवळ १५ जणांत नवा विषाणू सापडला. रक्तजलाच्या तपासणीत मात्र शाळेतील २१६ जणांच्या, म्हणजे शेकडा ५२ जणांच्या, रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. शाळेबाहेरील गावकऱ्यांत हेच प्रमाण शेकडा ९ होते. नव्या विषाणूचे रुग्ण म्हणून अखेरीस १७६ जणांची, म्हणजे शेकडा ४२ जणांची, गणना झाली.

ह्या आकड्यांतील दोन वजाबाक्या औषधाच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. आजारी पडलेले २९५ आणि नव्या विषाणूचे निश्चित रुग्ण १७६. तेव्हा ११९ आजारी जणांच्या बाबतीत नव्या विषाणूचा पुरावा मिळाला नाही. उलट प्रतिपिंडे २१६ जणांत आणि रुग्ण १७६. म्हणजे काहींना संसर्ग होऊनही तो रुग्ण म्हणून गणला जाण्याइतका प्रकट झाला नाही. आता अशा शाळेत तापाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास गोळी दिली आणि सारे पाच-सात दिवसांत बरे झाले, अशी कल्पना करू. ह्यावरून औषध गुणकारी ठरले असे म्हणता येईल काय? ज्यांना तो संसर्गच नव्हता तेही बरे झाले असतील, आणि ज्यांना होता त्यांपैकी बहुतेक जण औषधावाचूनही बरे झाले असते. इन्फ्लुएंझा हा बहुतेक निरोगी माणसांत आपोआप शमणारा रोग आहे. म्हणूनच त्यावरील औषधाचा गुण डोळ्यांना दिसत नाही, तो तुलनेनेच सिद्ध करावा लागतो. पाचगणीचा तपास हा साथीचा तपास होता, औषधाची चाचणी नव्हे, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. तपासकांनी जे मोजावयाचे ते काटेकोरपणे मोजले. औषधाविषयीचा प्रश्न त्यांच्यापुढे त्या स्वरूपात नव्हताच.

तुलनेवाचून निष्कर्ष नाही हा धडा मुंबई इलाख्याला जुनाच आहे. १८९७ च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन ह्यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचली. न टोचलेले कैदी त्याच भिंतींआड, त्याच अन्नावर राहत होते. त्यामुळे तुलना आपसूक घडून आली. बंदिस्त वस्तीत वैद्यकाला जे उत्तर आठवड्यांत मिळते ते खुल्या शहरात वर्षानुवर्षे मिळत नाही. तुरुंगातील माणसाची ‘स्वखुशी’ कितपत खुशीची असते हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही. निवासी शाळेच्या संदर्भात तो पुढे टाळता येण्याजोगा राहिला नाही.

१९१८ च्या साथीत, जिला महाराष्ट्रात मानमोडी म्हणून ओळखत, परीक्षणाचा प्रश्नच उद्भवला नाही. जून महिन्यात मुंबईत शिरलेल्या पहिल्या लाटेनंतर सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी आली, आणि ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. रोगाचे कारण विषाणू आहे हेच तेव्हा ठाऊक नव्हते. माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा काढण्यात यश आले ते १९३३ मध्ये. १९५७ ची ‘आशियाई’ साथ मे महिन्यात सागरी मार्गाने मद्रासेस पोहोचली आणि पुढील फेब्रुवारीपर्यंत देशात सुमारे ४४ लाख रुग्ण व सुमारे १,१०० मृत्यू नोंदले गेले. त्या साथीत शाळकरी मुले सर्वांत अधिक आजारी पडली. १९७७ मध्ये जुना एच-१ एन-१ विषाणू पुन्हा अवतरला, तेव्हा तर बव्हंशी पंचविशीच्या आतील पिढीच त्याच्या तावडीत सापडली, कारण १९५७ पूर्वी जन्मलेल्यांना त्याचा परिचय आधीच झालेला होता. तात्पर्य, शाळा हे इन्फ्लुएंझाचे माहेरघर आणि पौगंडवयीन मुले ही त्याची पहिली शिकार, ही गोष्ट वैद्यकाला औषध हाती येण्यापूर्वीपासून अवगत होती. असे असूनही औषधाची पारख करताना हेच वय मागे पडावे, हे विलक्षण आहे.

पहिले औषध अमँटाडीन. १९६६ मध्ये अमेरिकेत प्रतिबंधक म्हणून त्यास मान्यता मिळाली. विषाणूच्या आवरणातील एक सूक्ष्म मार्ग बंद करून त्यास पेशीत आपले सामान उलगडू न देणे, हे त्याचे कार्य. ह्या औषधाच्या बाबतीत निवासी शाळेचा उपयोग खरोखरच करण्यात आला. इंग्लंडमधील एका निवासी शाळेतील मुलांवर अमँटाडीनच्या प्रतिबंधक उपयोगाची केलेली चाचणी १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एका अर्थी पाचगणीत जे होऊ शकले असते त्याचा हा पूर्वादर्श. परंतु त्याचा लाभ टिकला नाही. विषाणूने ह्या औषधाला दाद न देण्याचे कसब इतके सार्वत्रिक केले की, २००९ चा नवा विषाणू आरंभापासूनच अमँटाडीनला अजिंक्य होता.

दुसरी पिढी न्यूरामिनिडेज ह्या द्रव्याला रोखणाऱ्या औषधांची. नव्याने तयार झालेले विषाणू जुन्या पेशीच्या पृष्ठभागास चिकटून राहतात आणि हे द्रव्य तो चिकटा तोडते; ते निष्प्रभ केले की विषाणू जागीच अडकतो. श्वासाबरोबर घ्यावयाचे झानामिविर आणि पोटात घ्यावयाचे ऑसेल्टामिविर ही दोन औषधे १९९९ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. झानामिविरच्या दक्षिण गोलार्धातील चाचणीत १२ वर्षांवरील ४५५ रुग्ण घेतले होते. आजार सरासरी दीड दिवसाने कमी झाला. येथे पौगंडवयीन मुले होती खरी, परंतु प्रौढांच्या गर्दीत मिसळलेली. ऑसेल्टामिविरचे अधिक बोलके आहे. उपचाराच्या ज्या दोन प्रमुख चाचण्या २००० मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यांतील रुग्ण १८ ते ६५ वर्षांचे होते. बालकांवरील चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १ ते १२ वर्षांची ६९५ मुले होती, त्यांपैकी ४५२ जणांना इन्फ्लुएंझा असल्याचे निश्चित झाले, आणि औषधाने त्यांचा आजार सुमारे ३६ तासांनी आटोपला. एकीकडे बारा, दुसरीकडे अठरा. मधली पाच-सहा वर्षे दोन्ही तक्त्यांच्या बाहेर राहिली. घरातील रुग्णाच्या सहवासात आलेल्यांना रोगापासून वाचविण्याच्या चाचणीत १२ वर्षांवरील सर्वांना घेतले होते, पण तो प्रतिबंधाचा प्रश्न होता, उपचाराचा नव्हे. डिसेंबर २००० मध्ये एक वर्षावरील सर्वांसाठी उपचाराची मान्यता मिळाली, तेव्हा मधल्या वयाची पोकळी दोन्ही बाजूंच्या पुराव्याने भरून काढण्यात आली.

ह्यात गैर काय, असा प्रश्न कोणी विचारील. दहा वर्षांच्या मुलास जे मानवते आणि वीस वर्षांच्या तरुणास जे मानवते ते पंधरा वर्षांच्यास मानवेल, हे अनुमान बहुतेक वेळा खरे ठरते. परंतु अनुमान आणि पुरावा ह्यांतील अंतर ज्या दिवशी शंका उत्पन्न होते त्या दिवशी जाणवते. जपानात हे औषध अन्य कोणत्याही देशापेक्षा अधिक वापरले जात होते. तेथे फेब्रुवारी २००७ मध्ये, औषध घेतलेली शाळकरी मुले इमारतीच्या वरच्या मजल्यांवरून पडून मृत्यू पावल्याच्या घटना घडल्या, आणि मार्च महिन्यात तेथील आरोग्य मंत्रालयाने १० ते १९ वर्षांच्या रुग्णांस ऑसेल्टामिविर शक्यतो देऊ नये असे डॉक्टरांना कळविले. दोष औषधाचा की तापाच्या भ्रमाचा? औषध न घेतलेल्या रुग्णांतही असे विचित्र वर्तन घडते, हे पुढील निरीक्षणांतून दिसून आले, आणि हा निर्बंध ऑगस्ट २०१८ मध्ये उठविण्यात आला. म्हणजे शंका फिटावयास अकरा वर्षे लागली. मुळातच ह्या वयाच्या मुलांची पुरेशी संख्या औषध व औषधगुणरहित गोळी अशा दोन गटांत वाटून पारखली गेली असती, तर हा काळ कमी झाला असता असे मानावयास जागा आहे.

अशा परिस्थितीत २००९ साल उजाडले. पाचगणीचा तपासकाळ संपला ३० जुलै रोजी. आणि ३ ऑगस्ट रोजी पुण्यात ह्या रोगाचा देशातील पहिला मृत्यू घडला. मृत्यू पावलेली विद्यार्थिनी चौदा वर्षांची होती. चार दिवसांच्या अंतराने घडलेल्या ह्या दोन घटनांनी जनमानसात दोन निरनिराळी चित्रे उभी केली. पाचगणीत जवळजवळ तीन-चतुर्थांश शाळा आजारी पडून बरी झाली. पुण्यात एका मुलीच्या मृत्यूने शहर हादरले. नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या, शाळा-महाविद्यालये बंद झाली, तोंडावरच्या पट्ट्या दुप्पट-चौपट दराने विकल्या गेल्या. ऑसेल्टामिविर त्या वेळी सरकारच्या हाती होते. खुल्या बाजारात ते मिळत नसे. सप्टेंबर २००९ मध्ये ते औषधनियमांतील ‘एक्स’ ह्या कडक परिशिष्टाखाली परवानाधारक दुकानांतून विकण्यास मुभा मिळाली, आणि २०१७ मध्ये त्यास तुलनेने सौम्य अशा ‘एच-१’ परिशिष्टात आणले गेले. रुग्णांची अ, ब, क अशी वर्गवारीही त्याच काळातील : सौम्य आजारात तपासणीही नको व औषधही नको, तीव्र किंवा जोखमीच्या आजारात औषध, गंभीर आजारात रुग्णालय. औषध कोणाला द्यावयाचे हे अशा रीतीने शासकीय आदेशाने ठरले. ते ठरविताना ह्या वयाच्या रुग्णांविषयीचा स्थानिक पुरावा हाती नव्हता, आणि तो गोळा करण्याची ती वेळही नव्हती.

पाचगणीत चाचणी करावयास हवी होती काय? ह्या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. अर्ध्या आजारी मुलांना औषध आणि अर्ध्यांना निर्गुण गोळी, ही कल्पना साथीच्या भीतीत कोणत्याही पालकास रुचली नसती; आणि प्रौढांत गुण सिद्ध झालेले औषध नाकारणे नीतीलाही धरून झाले नसते. परंतु ‘फक्त आजाऱ्यांना औषध’ आणि ‘आजाऱ्यांबरोबर त्यांच्या खोलीतील सोबत्यांनाही औषध’ अशा दोन पद्धतींची तुलना वसतिगृहांच्या वाटणीने करता येण्यासारखी होती. तीत कोणताही रुग्ण औषधावाचून राहिला नसता. अडचण निराळीच होती. निवासी शाळेत मूल एका गावी आणि आईबाप दुसऱ्या गावी, काहींचे तर दुसऱ्या देशात. संमती द्यावयाची कोणी?

ही अडचण काल्पनिक नव्हे, ह्याचा दाखला त्याच महिन्यात अन्यत्र घडत होता. जुलै २००९ मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात, आणि त्यानंतर गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यात, १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूविरुद्धची लस देण्याचा एक प्रकल्प राबविण्यात आला. काही मुलींच्या मृत्यूंनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबविला गेला. त्या मृत्यूंचा लशीशी संबंध दिसत नाही असा चौकशी समितीचा अभिप्राय होता. परंतु वसतिगृहांत राहणाऱ्या अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी मुख्याध्यापकांनी किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचे उघड झाले, आणि ऑगस्ट २०१३ मधील संसदीय समितीच्या अहवालाने त्यावर कठोर ताशेरे ओढले. ज्या सोयीमुळे निवासी शाळा संशोधकास हवीशी वाटते, तीच सोय तिला धोक्याची करते. मुले एका ठिकाणी आहेत, आज्ञाधारक आहेत, आणि त्यांच्यावतीने सही करावयास एक अधिकारी हजर आहे! भायखळ्याच्या तुरुंगातील ‘स्वखुशी’चा प्रश्न येथे नव्या वेषात पुढे आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिनिर्देशांत त्याचे उत्तर असे आहे : कायदेशीर संमती पालकाची, परंतु ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाची लेखी अनुमतीही घ्यावयाची. पौगंडवयीन व्यक्ती औषधांच्या तक्त्यात स्वतंत्र नसली तरी कागदावर सही करण्यापुरती ती स्वतंत्र झाली.

ह्यानंतरच्या नव्या औषधाची कथा ह्या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. बॅलॉक्झाविर हे विषाणूच्या प्रती तयार होण्याची क्रियाच आरंभी रोखते आणि त्याची एकच मात्रा पुरते. अमेरिका व जपान येथे २०१६-१७ च्या हिवाळ्यात झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष सप्टेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत १२ ते ६४ वर्षांचे, एरवी निरोगी असे रुग्ण होते. लक्षणे शमण्यास बॅलॉक्झाविरने ५३.७ तास लागले, निर्गुण गोळीने ८०.२ तास. वीस वर्षांवरील रुग्णांना बॅलॉक्झाविर, ऑसेल्टामिविर व निर्गुण गोळी अशा तीन गटांत वाटले होते. लक्षणे शमण्याच्या काळात दोन्ही औषधे सारखीच ठरली. १२ ते १९ वर्षांच्या रुग्णांना मात्र ऑसेल्टामिविर देण्यात आले नाही, कारण जपानातील तो निर्बंध अद्याप उठला नव्हता. त्यांच्यासाठी दोनच गट : बॅलॉक्झाविर किंवा निर्गुण गोळी. ह्या योगायोगाने पौगंडवयीन रुग्ण प्रथमच वेगळे मोजले गेले. असे ११७ रुग्ण होते. त्यांपैकी ९० जणांना इन्फ्लुएंझा असल्याचे निश्चित झाले, आणि त्यांपैकी ६३ जणांनी औषध व २७ जणांनी निर्गुण गोळी घेतली होती. लक्षणे शमण्याचा मध्यकाल औषधाने ५४.१ तास, त्यावाचून ९२.७ तास. फरक जवळजवळ ३९ तासांचा, म्हणजे सर्व वयांच्या मिळून असलेल्या फरकापेक्षा मोठा. पण सत्तावीस जणांच्या गटावर किती भार टाकावा ह्याचा विवेक वाचकाने ठेवलाच पाहिजे.

येथेही एक पोकळी उरली. पुढे २०२० मध्ये १ ते १२ वर्षांच्या आतील बालकांवर ह्याच औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली आणि तीत तुलना ऑसेल्टामिविरशी होती. म्हणजे एरवी निरोगी अशा रुग्णांपुरते पाहिले तर बाराच्या आत नव्या औषधाची जुन्याशी तुलना झाली, विसाच्या वर झाली, आणि मधल्या वयात नाही. जोखमीच्या रुग्णांवरील अन्य एका चाचणीत १२ वर्षांवरील सर्वांना तिन्ही गटांत घेतले होते, परंतु तेथे भरणा प्रौढांचाच. २००१ मध्ये जी मोकळी जागा राहिली होती तीच, निराळ्या कारणाने, वीस वर्षांनी पुन्हा मोकळी राहिली. पहिल्या वेळी ती केवळ वयोगटांच्या आखणीमुळे राहिली. दुसऱ्या वेळी, पहिल्या वेळच्या अपुऱ्या पुराव्यातून जो संशय उपजला त्यामुळे. शिवाय नव्या औषधालाही विषाणूने वाट काढून दाखविली : त्या मोठ्या चाचणीत औषध घेतलेल्या शेकडा ९.७ रुग्णांत औषधास कमी जुमानणारा बदल घडलेला विषाणू आढळला. अमँटाडीनचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांस ह्याचे आश्चर्य वाटणार नाही.

पाचगणीच्या दक्षिणेस, जुन्या सातारा जिल्ह्याच्या ज्या भागाचा १९४९ मध्ये दक्षिण सातारा आणि १९६० मध्ये सांगली जिल्हा झाला, तेथे निवासी शाळांची दाटी नाही. तेथील कुपवाड हे गाव कारखान्यांचे, आणि १९९८ पासून सांगली-मिरजेसह एका महानगरपालिकेचा भाग. तेथील तापाने फणफणलेला एखादा पंधरा वर्षांचा मुलगा जेव्हा सांगलीच्या किंवा मिरजेच्या डॉक्टरांपुढे येतो, तेव्हा त्याच्या हाती पडणाऱ्या चिठ्ठीत ह्या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष उतरलेला असतो. ऑसेल्टामिविरची मात्रा एक वर्षावरील मुलांत वयावर ठरत नाही, वजनावर ठरते : १५ किलोपर्यंत ३० मिलिग्रॅम, २३ किलोपर्यंत ४५, ४० किलोपर्यंत ६०, आणि त्यापुढे प्रौढाचीच, ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. मुलगा काट्यावर उभा राहतो. काटा चाळिसाच्या अलीकडे थांबला तर तो बालक, पलीकडे गेला तर प्रौढ.